खोल सफाईनंतर स्कॅनमध्ये हिरडी बसलेली दिसते. नुकसान झालं का?

दांडियाबाजारची_सून:
सासूबाई 61 वर्षांच्या. ब्रश केला की रक्त यायचं, म्हणून हिरड्यांखालची खोल सफाई करून घेतली. डॉक्टरांनी आधी आणि तीन महिन्यांनी तोंडात स्कॅनर फिरवला आणि दोन्ही चित्रं एकावर एक बसवून दाखवली. खालच्या पुढच्या दातांपाशी निळा पट्टा, "एवढी बसली" म्हणाले. रक्त थांबलंय, पण गार पाणी झोंबतं, दात लांब दिसतात. सासूबाईंचं एकच पालुपद, "होती तीही हिरडी गेली." खरंच तसं आहे का?

मांजलपूरकर:
आमच्या ह्यांनाही झोंबायचं. सेन्सिटिव्हिटीची पेस्ट नेमाने वापरल्यावर बरंच कमी झालं.

हिरड्यांची_डॉक्टर (बडोदा):
ताई, सूज ओसरली की हिरडी बसतेच. हाड आधीच झिजलेलं असतं, सुजेमुळे ते कळत नाही. आता मूळ थोडं उघडं पडलं, म्हणून गार झोंबतंय.

स्कॅन मला मनापासून आवडतो. प्रोबने, म्हणजे हिरडी आणि दात यांच्या मधे घालायच्या खुणा केलेल्या बारीक सळईने, आम्ही एकेका मिलिमीटरने मोजतो, त्यातही हात बदलला की आकडा हलतो. स्कॅनमध्ये त्याहून बारीक फरक कळतो. फक्त जुळवणी दातांच्या कडक भागावर केलेली हवी. हिरडी धरून जुळवलं, तर जे मोजायचं त्याचाच आधार घेतल्यासारखं होतं. मधे एखाद्या दाताला कॅप बसली असेल, तर तो दात वगळायचा. लाळ साचली की हिरडीची कड नीट उमटत नाही, म्हणून मी आधी हवा मारून कोरडं करते.

पण स्कॅनरला हिरडीच्या आतलं दिसत नाही. तिथे प्रोबच लागतो. त्याचा तक्ता मागून घ्या.

दांडियाबाजारची_सून:
मिळाला. त्याच दाताला पॉकेट (हिरडी आणि दातामधल्या खाचेची खोली) आधी 6, आता 3 मिमी. हिरडीची कड तेव्हा मूळ सुरू होतं तिथे होती, आता 2 मिमी खाली. प्रोब लावल्यावर रक्त नाही.

हिरड्यांची_डॉक्टर (बडोदा):
छान! तीनातले दोन मिलिमीटर सूज उतरल्याने कमी झाले. उरलेला एक म्हणजे हिरडीने दाताला पुन्हा धरलंय, पण एवढ्याशा फरकावर मी पैज लावणार नाही, प्रोबची तेवढी चूक होते. मोठी गोष्ट ही की 3 मिमीचं, रक्त न येणारं पॉकेट घरी स्वच्छ राहतं, 6 चं राहत नाही. सासूबाईंना हेच दोन आकडे दाखवा. दातांमधल्या फटींसाठी छोटा ब्रश मिळतो, तो मात्र डॉक्टरांकडून मापाचा निवडून घ्या.