ब्लोअर बागेत घडतो की कारखान्यात?

कादवाकाठचा: परवा इथेच एकाने लिहिलं, 'शेतकऱ्याने मशीन वापरावं, डिझाईन इंजिनियरवर सोडावं.' दोन दिवस डोकं तापलंय माझं. निफाडला वायवरची द्राक्षबाग आहे, म्हणजे इंग्रजी Y सारख्या आधारावर चढवलेले वेल. नवा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या वाऱ्याने औषध फवारणारं यंत्र आणलं, तर वरची पानं चिंब आणि डाऊनी ही बुरशी वाढते पानाच्या खालून! थेंब पडला की निळा होतो तो पिवळा कागद पानाखाली टाचून पाहिला. पिवळाच्या पिवळा निघाला. गावातल्या वेल्डरकडून खालच्या दोन नोझलचा कोन बदलून घेतला, तेव्हा कुठे कागद निळा झाला. कंपनीचा माणूस फोटो काढून गेला. पुढच्या हंगामात नव्या मॉडेलला तोच कोन. साधा फोनही नाही.

सातपूरकर: माझं वर्कशॉप आहे, म्हणून बोलतो. तुमचा कोन वायला चालला, मांडवाच्या बागेत, जिथे वेल डोक्यावर आडवे पसरतात, तिथे चालेल का? दहा गिऱ्हाइकं दहा सूचना देतात. एकाने पंख्याची पाती कापली, बॅलन्स गेला, बेअरिंग फुटलं आणि साहेब वॉरंटी मागायला हजर. वर उधारी! 'माल निघाला की देतो' ऐकत दोन हंगाम गेले.

कादवाकाठचा: उधारी कुठून काढली? माझा माल भरून व्यापारी पळाला, त्याचं काय? गाडी गेली आणि फोन बंद.

दिंडोरीची लेक: दादा, आमचेही तसेच बुडाले. वडील चार महिने पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवत होते. सौदा करताना आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय काडीला कात्री लावू देऊ नका.

सातपूरकर: तुमचे बुडाले म्हणून माझे बुडवायचे?

कादवाकाठचा: तोंड सांभाळून बोला शेठ. मी तुमचा एक रुपया ठेवलेला नाही.

पाटावरचा: भांडण पुरे. नव्या शोधांचे अभ्यासक एरिक फॉन हिप्पेल यांनी १९७६ मध्ये वैज्ञानिक उपकरणांचा अभ्यास छापला. महत्त्वाच्या सुधारणांपैकी सुमारे ८० टक्के आधी वापरणाऱ्यांनीच करून, चालवून पाहिल्या होत्या. बाजारात आणल्या मात्र कारखानदारांनी. दोघांशिवाय गाडा चालत नाही.

सातपूरकर: प्रयोगशाळा वेगळी, चिखलातली बाग वेगळी. पण मशीन देऊन आलो की फवारणी बघायला मी कधी थांबलो नाही, हे खरं. कागदाचं तर सुचलंही नव्हतं.

कादवाकाठचा: पाती कापणाऱ्याची बाजू मीही घेणार नाही. तो अडाणीपणाच.

सातपूरकर: गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पहिल्या फवारणीला येतो. कोन मोजून घेतो, मांडवाच्या बागेतही तपासतो. पंख्याला मात्र हात लावायचा नाही.

कादवाकाठचा: या. वेल्डरलाही बोलावतो, कोन त्याने बसवलाय. नव्या मॉडेलच्या कागदावर त्याचं नाव आलं पाहिजे.