शब्दचर्चा: आरोग्यातली ‘तफावत’, ‘असमानता’ की ‘विषमता’?

पाटीपेन्सिल:
अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या आरोग्यावरचा लेख मराठीत आणतेय. दोन जागी अडलेय. ‘हेल्थ डिस्पॅरिटी’ला काय लिहू? आणि ‘रेसिझम’ला वंशवाद, वंशद्वेष की वर्णद्वेष? लेखात आकडे आहेत: २०२१ साली तिथे दर लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या २६.६. मी लिहिलं, ‘कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये मातामृत्यूचे प्रमाण जास्त आढळते.’ चालेल?

कोशकीटक:
व्याकरणाने चालेल. पण ‘आढळते’ कुठे म्हणतो आपण? सह्याद्रीत कारवी आढळते. तुमच्या वाक्यात मृत्यू त्या बायांच्या अंगातच उगवल्यासारखा वाटतो.

‘तफावत’ हिशोबातला शब्द. रोकड आणि खतावणीत तफावत आली तर पुन्हा मोजा, जुळेलही. ‘असमानता’ दोन भावांच्या उंचीतही असते. ‘विषमता’ म्हटलं की (भूगोलातलं ‘विषम हवामान’ सोडा) कुणीतरी कुणावर लादलेलं ऐकू येतं. ते वजन फुले-आंबेडकरी चळवळीने दिलंय. ‘गुलामगिरी’ १८७३ साली अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधकांनाच अर्पण केलेलं आहे, तेव्हा हा शब्द तिथे परका ठरणार नाही.

‘वर्ण’ म्हटलं की आपल्याकडे आधी चातुर्वर्ण्य उभं राहतं. ‘वंशवाद’ मार्क्सवादाचा चुलतभाऊ वाटतो. माझं मत वंशद्वेषाला.

परखनळी:
‘द्वेष’ला माझी हरकत. द्वेष करायला माणूस लागतो. मी अमेरिकेत लॅबमध्ये काम करते. काही वर्षांपूर्वीपर्यंत मूत्रपिंडाच्या रिपोर्टवर ते किती काम करतंय याचे दोन आकडे छापलेले असत (आकडा जितका कमी, तितकं मूत्रपिंड बिघडलेलं). एकाच नळीतलं रक्त, एकच क्रिएटिनिन (स्नायूंतून रक्तात येणारा कचरा, त्यावरूनच हा आकडा काढतात); वर एक आकडा आणि त्याखाली ‘आफ्रिकन अमेरिकन असल्यास’ म्हणून दुसरा. काळ्यांचे स्नायू जास्त, म्हणून क्रिएटिनिन जास्त, अशी समजूत. २००९ च्या सूत्रात त्यासाठी १.१५९ ने गुणायचे. १८ चे झाले २१! आता प्रत्यारोपणाच्या यादीत दिवस मोजायला लागतात ते आकडा २० किंवा त्याखाली आला की. म्हणजे १८ वाला गोरा रांगेत आणि १८ वाला काळा अजून घरी. सॉफ्टवेअरच्या मनात कसला द्वेष? आणि या गुणाकाराला नाव काय, तर ‘करेक्शन’. करा आता त्याचं मराठी ‘दुरुस्ती’! २०२१ मध्ये नवं सूत्र आलं, आणि २०२३ पासून हुकलेले दिवस कृष्णवर्णीय रुग्णांच्या खात्यात परत जमा करणं रुग्णालयांना भाग पडलं.

कोशकीटक:
मग ‘वंशभेद’. भेद करायला सूत्रही पुरतं. माझा द्वेष मागे घेतो.

ओसरी:
टस्किगीच्या प्रयोगाचा उल्लेख असेल तर एक सांभाळा. १९३२ ते १९७२, अलाबामात सरकारी आरोग्यखात्याने ३९९ उपदंशाचे कृष्णवर्णीय रुग्ण नुसते बघत ठेवले. १९४७ पर्यंत पेनिसिलिन रूढ झालं तरी दिलं नाही. त्यांना सांगितलं होतं, ‘बॅड ब्लड’ आहे. तिथल्या बोलीत त्यात थकवा, पंडुरोग, सगळंच यायचं. त्याचं ‘उपदंश’ करू नका, ‘रक्त बिघडलंय’ असंच ठेवा. फसवणूक त्या ढोबळ शब्दातच होती.

आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला ‘काळ्यांचा आजार’ लिहिलं असेल तर नंदुरबार-गडचिरोलीत विचारून बघा. तो मलेरियाच्या मुलखांचा माग काढतो, कातडीचा नाही.

पाटीपेन्सिल:
‘आढळते’ खोडलं. आता असं: ‘वंशभेदापायी कृष्णवर्णीय बाळंतिणी गोऱ्यांच्या अडीचपटीहून जास्त दगावतात.’ ‘दगावतात’ फार मवाळ होतंय का?

कोशकीटक:
राहू द्या. त्यात ‘दगा’ आहे.