देवदर्शन सोडून कोल्हापूर: तुमचे अनुभव लिहा

अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा यांवर भरपूर लिहून झालंय. इथे येऊ द्या कामाधंद्यासाठी गेलेल्यांचं कोल्हापूर. विकायला, घ्यायला, दुरुस्तीला गेलात तेव्हा काय दिसलं?

चिपळूणहून:
मामांचा ऊस गुऱ्हाळाला जातो. त्यांच्याबरोबर मार्केट यार्डात गेले होते. अडत दुकानात गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्या, पायाखाली चिकट फरशी. व्यापारी येतो, रव्याची कड टोकरतो, बोटांत चुरडून कण बघतो, जिभेवर ठेवतो आणि पुढे सरकतो. मग बोली. मामांचा गूळ रसायन न घालता केलेला, म्हणून काळसर. पिवळ्याधमक रव्यांना चढा भाव मिळाला. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी गिऱ्हाईक अजून रंगच बघतं! शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीत गुळाची पेठ वसवली, तेव्हापासून हा व्यापार इथे रुजलाय. मामा परतताना गप्पच होते. मिसळीवर कट मात्र दोनदा मागून घेतला.

पंढरपूरहून:
आमचं काम उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत. जुन्या ऑइल इंजिनाचा एक भाग कुठेच मिळेना. मिस्त्रींनी तुटका तुकडा उलटसुलट केला, माप घेतलं, खडूनं फरशीवरच आकृती काढली. “उद्या सकाळी या, काका. आणि जेवल्याशिवाय जाऊ नका.” पावती नाही, आगाऊ रक्कम नाही. भाग बसला. उसाला पाणी पाजायला इंजिनं लागली, त्यातून इथल्या फाउंड्र्या वाढल्या असं तेच सांगत होते.

ठाण्याहून:
चप्पल घ्यायला गेलो, एका दुकानात रेक्झिन गळ्यात मारलं. दुसऱ्या दिवशी भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनीत एका वयस्कर कारागिरानं कापशी प्रकारची चप्पल दाखवली, तळ वाकवून कातड्याचे थर दाखवले. करकर वाजणारी हवी असेल तर तळात ‘विंचू’ घालून देतो म्हणाले. घेतली. ऑफिसात सगळे वळून बघतात, हा एक तोटा.

गंगावेशीचा भक्त:
पहाटे माल उतरवला की गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. फेसासकट. बाकी नाष्टा नंतर.

सांगलीहून:
भाजीचा टेम्पो चालवतो, कामाचं सांगतो. जुलै-ऑगस्टात निघण्याआधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. 39 फूट इशारा, 43 धोका. 2021 ला शिरोलीजवळ हायवेवरच पाणी आलं आणि कोथिंबीर गाडीतच सडली. हिवाळ्यात पुराची भीती नाही, पण रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागे लाल दिवा असेलच असं नाही. वेग आवरा.

चिपळूणच्या ताईंना:
तो काळसर गूळच आम्हाला हवाय. मामा थेट देतील का? पुरणपोळीला पिवळा घेऊन कंटाळलोय.