बेघर पोरांना सर्फिंग कशाला? कालच्या प्रतिसादाला उत्तर

खारवट:
काल इथे एकाने लिहिलं, "ज्याला रात्री डोकं टेकायला जागा नाही त्याला लाटांवर चढवणं म्हणजे श्रीमंतांनी पुण्य कमावणं." ते वाचून राहवलं नाही.

मी तीन वर्षं दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला नोकरीला होतो. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर पोरं बाटलीतला गोंद हुंगत बसलेली असत. त्याने भूकही मरते आणि थंडीही. २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाआधी शहर नीटनेटकं दिसावं म्हणून अशा पोरांना गाड्यांत भरून उचलून नेत होते. पोरं पुन्हा तिथेच यायची. टॉम ह्यूइट यांच्या 'सर्फर्स नॉट स्ट्रीट चिल्ड्रन' या सर्फिंग शिकवणाऱ्या संस्थेने पोरांना कुठे नेलं नाही, संस्थेची माणसंच किनाऱ्यावर गेली. लाटांवर उभं राहायच्या बोर्डाच्या ओढीने पोरगा रोज येतो. रोज आला की त्याला नावाने हाक मारणारं कुणीतरी असतं. आणि गोंद हुंगून बोर्डवर तोल सांभाळता येत नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. शाळा, घर, उपचार ही बोलणी त्यानंतरची.

सडेतोड:
तो प्रतिसाद माझाच, आणि शब्द मागे घेत नाही. मी सहा वर्षं मुलांच्या रात्रनिवाऱ्यात काम केलंय. खेळ शिकवायला स्वयंसेवक यायचे, पोरं जीव लावायची, दोन महिन्यांत ते निघून जायचे. अकरा वर्षांचा एक मुलगा अशाच एका दादाची वाट बघत रोज फाटकाशी बसायचा. एक दिवस तोही पळाला. पुन्हा दिसला नाही.

जुईली:
सडेतोड, अगदी हेच. आणि जाताना फोटो काढून नेतात! मी एका संस्थेच्या पत्रकात एका मुलीचा चेहरा ठळक छापलेला पाहिला, खाली 'रस्त्यावरून सुटका' असं लिहिलेलं. उद्या ती नोकरी मागायला जाईल तेव्हा? तिला कुणी विचारलं होतं?

अनवाणी:
फोटो छापले नाहीत तर देणग्या येत नाहीत. संस्था चालवून बघा मग बोला.

जुईली:
मी चालवलीये. चेहरे न छापता. पैसे कमी आले, पण संस्था चालली.

खारवट:
मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. सडेतोड, तिथे शिकवणारे पाहुणे नाहीत. एकेकाळी स्वतः रस्त्यावर राहिलेली पोरंच मोठी होऊन धाकट्यांना शिकवतात.

अनवाणी:
केपटाऊनची 'वेव्हज फॉर चेंज' ही सर्फिंगचीच संस्था बघा की. खेळातून समाजकार्यासाठीचा २०१७ चा लॉरियस पुरस्कार मिळालाय.

सडेतोड:
ती बहुतेक वस्त्यांमधली, घर असलेली मुलं आहेत! बेघर पोरांचं बोलणं चाललंय. पुरस्कार तोंडावर फेकून सरमिसळ करू नका.

रेवा:
एक गोष्ट सगळेच विसरताय. १९५३ च्या कायद्याने दक्षिण आफ्रिकेत किनारेसुद्धा वर्णानुसार वाटले होते, तो १९९० मध्ये रद्द झाला. या पोरांच्या आजोबांना तिथल्या चांगल्या किनाऱ्यांवर पाय ठेवायची बंदी होती. त्याच पाण्यात नातू बोर्डवर उभा राहतो, आणि तुम्ही त्याला चैन म्हणता?

सडेतोड:
रेवाताई, इतिहास मला शिकवू नका. इतिहासाने पाठीखाली अंथरूण येत नाही.

रेवा:
अंथरूण दिलंत तरी पोरगा तुमच्या निवाऱ्यातून पळालाच ना?

सडेतोड:
हे लागलं. पळाला, कारण त्याचं म्हणावं असं कुणी तिथे उरलं नव्हतं. खारवट म्हणतात तशी शिकवणारी पोरं तिथलीच असतील आणि वर्षानुवर्षं टिकत असतील, तर त्यापुरता माझा विरोध नाही. तेवढ्यापुरताच. फोटोंबाबत जुईलीशी सहमत. आणि रात्री ती पोरं झोपतात कुठे, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

खारवट:
काही घरी परततात, काहींची सोय होते. पण मी ओळखायचो तो एक पोरगा दिवसभर सुरेख लाटा घ्यायचा आणि रात्री पुन्हा त्याच पुलाखाली जायचा. मी असेपर्यंत तरी तिथेच होता.