टेबल टेनिसचे टेबल मोकळे होणार आहे काय?

ए-३०१ (सायं. ७.१२) : सर्व सभासदांस सविनय नमस्कार. कोजागरीच्या रात्री मसाला दुधाची पातेली ठेवता यावीत म्हणून क्लबहाऊसमधील टेबल टेनिसचे जाळे सोडण्यात आले होते. आज सहा दिवस झाले तरी ते परत बांधले गेलेले नाही, कारण टेबलाच्या एका अर्ध्यावर कोणीतरी तुकड्यांचे चित्रकोडे मांडले आहे आणि दुसऱ्या अर्ध्यावर कामट्या, दोरा व पतंगी कागद पसरलेला आहे. ही परवानगी कोणी दिली, ते कृपया कळावे.

बी-२०२ (७.१९) : आदरणीय काका, ते ‘कोणीतरी’ म्हणजे मी, हे आपणांस ठाऊक आहे, काल सायंकाळी आपण माझ्यासमोरूनच बॅट हलवत गेलात. हजार तुकड्यांचे चित्र पूर्ण झाल्यावर जेमतेम २७ इंच बाय १९ इंच जागा व्यापते आणि आपले टेबल ९ फूट बाय ५ फुटांचे आहे.

ए-३०१ (७.२३) : वहिनी, ‘पूर्ण झाल्यावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सध्या ते सहा ताटांत, दोन परातींत आणि एका केकच्या खोक्यात विभागलेले आहे, आणि दिसणाऱ्या गतीवरून ते पूर्ण होईपर्यंत तुळशीचे लग्न लागेल. मीही रोज सुडोकू सोडवतो, परंतु स्वतःच्या घरी, स्वतःच्या खुर्चीत बसून सोडवतो.

बी-२०२ (७.२५) : सुडोकूची ८१ घरे मांडीवर मावतात, काका.

सी-१०४ (७.२६) : किल्ल्याच्या मातीचे काय ठरले? गेल्या वर्षी परतीच्या पावसात ती पार्किंगच्या जाळीतून खाली गेली आणि चेंबर तुंबले. याची नोंद घ्यावी.

ए-५०३ (७.३१) : काकूंनी टेबलावर लावलेली पाटी ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी येथे उतरवून देतो : ‘येथे कोडे चालू आहे. मदत करणाऱ्यांचे स्वागत आहे. तुकडे रंगांप्रमाणे लावलेले आहेत, ते आवरू नये. आकाशास हात लावण्यापूर्वी विचारावे.’ शेवटच्या वाक्यासाठी काकूंना माझा दंडवत.

बी-६०१ (७.३४) : ‘तुकडे’ अनेकवचनी असल्यामुळे ‘आवरू नयेत’ असे हवे. बाकी मजकूर निर्दोष आहे.

बी-२०२ (७.३५) : सर, उद्या सुधारते. मूळ वाक्य आमच्या यजमानांचे आहे.

ए-३०१ (७.३८) : व्याकरणाचा प्रश्न सुटला असल्यास टेबलाकडे वळावे, ही विनंती.

बी-२०२ (७.४४) : टेबलाविषयी मलाही गंभीर तक्रार करावयाची आहे. खोक्यावर हजार लिहिलेले असले तरी या कोड्याची मांडणी ३८ बाय २७ अशी आहे, म्हणजे तुकडे १०२६ भरतात आणि किनारीचे तुकडे १२६ असावयास हवेत. मी काल दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा १२५ भरले. शनिवारी रात्री कोणीतरी तीन ताटे खुर्चीवर ठेवून अर्ध्या टेबलावर खेळून गेले, त्यानंतरच हा फरक पडला आहे. मी कोणाचेही नाव घेत नाही.

ए-३०१ (७.४७) : नाव घ्यावे. मी आणि माझा नातू खेळत होतो. ताटे ज्या क्रमाने उचलली त्याच क्रमाने परत ठेवली. १०२६ तुकड्यांतील एक तुकडा खोक्यातूनच कमी आला असण्याची शक्यता विचारात घ्यावी.

बी-२०२ (७.५०) : किनार गुरुवारी बंद झाली होती, काका. पाच जणांनी पाहिली आहे.

सी-४०२ (७.५८) : कामट्या आमच्या आहेत, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करते. इमारतीतील नऊ मुले घरी कंदील करत आहेत आणि कुणाच्याही दिवाणखान्यात एवढ्या लांब काड्या पसरून बसता येत नाही. त्यातच आमचा पहिला सांगाडा एका बाजूस कलला आहे आणि कारण समजत नाही.

बी-६०१ (८.०६) : कारण सोपे आहे. पारंपरिक कंदिलास सारख्या लांबीच्या २४ काड्या लागतात. प्रथम १६ काड्यांचे चार चौरस बांधावेत, ते कोपऱ्यावर उभे करून शेजारच्या कोपऱ्यांशी जोडावेत आणि मग वर चार व खाली चार काड्या बांधाव्यात. म्हणजे सहा चौरस व आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. मुलांनी काड्या अंदाजाने कापल्या असणार. शिवाय प्रत्येक चौरसाचे दोन्ही कर्ण दोऱ्याने मोजून सारखे करावेत, अन्यथा चौरसाचा नुसता समभुज चौकोन होतो आणि कंदील मान मुरगळल्यासारखा लटकतो. मी उद्या पाच वाजता फूटपट्टी घेऊन खाली येईन.

ए-५०३ (८.०८) : सर, शाळेत हे असे शिकवले असते तर मी भूमितीत उत्तीर्ण झालो असतो.

बी-३०३ (८.११) : कागद चिकटवण्यासाठी मैद्याची खळ करावी आणि तीत चिमूटभर मोरचूद घालावे, म्हणजे झुरळे लागत नाहीत. आमच्या वाड्यात असेच करत असत.

सी-४०२ (८.१३) : काकू, मोरचूद विषारी असते आणि ही मुले तीच बोटे तोंडात घालतात. आम्ही साधी खळ वापरू. कंदील दहा दिवस टिकला तरी पुरे.

बी-३०३ (८.१४) : आम्ही सगळे त्या वाड्यातून जिवंत बाहेर आलो आहोत, एवढेच नमूद करते.

सी-१०४ (८.१५) : किल्ल्याच्या मातीचे काय ठरले? गेल्या वर्षी परतीच्या पावसात ती पार्किंगच्या जाळीतून खाली गेली आणि चेंबर तुंबले. याची नोंद घ्यावी.

ए-३०१ (८.२२) : माझा कंदिलास विरोध नाही आणि कोड्यासही नाही. परंतु क्लबहाऊसचे टेबल आम्ही तीन वर्षे पाठपुरावा करून, वर्गणीचा कटू अनुभव घेऊन मिळवलेले आहे, आणि त्या वेळी ज्यांनी ‘खेळतो कोण’ असे विचारले होते तेच आज त्यावर आकाश जुळवत आहेत.

बी-२०२ (८.३१) : होय, मीच विचारले होते आणि ते चुकले, हे मान्य करते. मात्र एक गोष्ट सांगते. पहिले तीन दिवस मी हे कोडे घरीच मांडले होते. दोन्ही वेळच्या जेवणाआधी ते उचलावे लागे आणि मदतीला कोणीही नसे. खाली आणल्यापासून रविवारी टेबलाभोवती सात जण होते, त्यांतील चौघांची नावे मला वर्षभर ठाऊक नव्हती. आपला नातूही त्यांत होता आणि घराच्या छपराचा लाल भाग जवळजवळ त्यानेच लावला.

ए-३०१ (८.४०) : हे त्याने मला सांगितले नव्हते.

सचिव (८.५२) : सर्वांचे म्हणणे वाचले. माझ्याकडे कपाटाच्या कामातून उरलेली ३ फूट बाय २ फुटांची प्लायवूडची फळी आहे. उद्या सकाळी दोघांनी मिळून चित्राचा जुळलेला भाग पुठ्ठ्यावरून सरकवत त्या फळीवर घ्यावा. खेळाच्या वेळी, म्हणजे सायंकाळी सहा ते आठ, फळी व ताटे टेबलाखाली ठेवावीत आणि नंतर परत वर घ्यावीत. कंदिलाचे काम वसुबारसेपर्यंत संपवावे आणि आत केवळ एलईडी दिवा लावावा, कारण तापणाऱ्या जुन्या बल्बपाशी पतंगी कागद टिकत नाही.

ए-३०१ (८.५५) : सहा ते साडेआठ.

बी-२०२ (८.५६) : मान्य. फळी धरायला सकाळी आपण यावे, आपला हात स्थिर आहे. आणि तो १२६ वा तुकडा फिकट निळा आहे, एक बाजू सरळ. जाळ्याच्या पट्टीत एकदा पाहावे.

सी-१०४ (८.५७) : किल्ल्याच्या मातीचे काय ठरले?

ए-५०३ (९.०३) : यंदा मुले राजगड करणार आहेत, तिन्ही माच्यांसह, आणि पद्मावती माचीवर अळीव पेरायचे ठरले आहे. माती पोत्यांच्या कडेत अडवली जाईल आणि दिवाळीनंतर गच्चीवरील कुंड्यांत जाईल.

सी-१०४ (९.०४) : आभारी आहे. दिवाळीनंतर म्हणजे नेमक्या कोणत्या तारखेस?