चालीवरून माणूस ओळखणारे कॅमेरे पुण्यात हवेत का?

स्वप्नजा_कोथरूड: चेहरा न बघता नुसत्या चालण्यावरून माणूस ओळखायचं तंत्र आता बरंच पुढे गेलंय. व्हिडिओतून माणसाची आकृती कापून काढतात, पावलांची लय, गुडघा किती वाकतो, हात कसे हलतात हे सगळं त्यात येतं आणि मग ते जुन्या नोंदींशी जुळवतात. चीनच्या वॉट्रिक्स कंपनीने २०१८ मध्येच ५० मीटरवरून, पाठमोरा माणूसही ओळखतो असा दावा केला होता. माझं मत स्पष्ट आहे, हे इथे नको. तोंडाला स्कार्फ तरी बांधता येतो, चाल कुठे लपवणार?

मंदार_एम: अजिबात पटलं नाही. सोनसाखळी चोर हेल्मेट घालून येतात, फुटेज असूनही चेहरा दिसत नाही, ज्या बाईची साखळी गेली तिला काय सांगणार?

आसावरी_जे: अहो पण ते बाईकवर असतात, चालतात कुठे? मी इमेज प्रोसेसिंगमध्ये काम करते म्हणून सांगते. कासिया-बी हा चालीच्या व्हिडिओंचा नावाजलेला डेटासेट १२४ लोकांचा आहे. त्यावर २०१९ च्या गेटसेट या चाल ओळखणाऱ्या मॉडेलने साध्या चालीला ९५ टक्के अचूकता गाठली, खांद्याला बॅग आली की ८७ आणि अंगात कोट आला की थेट ७०. आता शनिवारी संध्याकाळचा लक्ष्मी रोड डोळ्यासमोर आणा, साड्या, रेनकोट, दोन्ही हातात पिशव्या, कडेवर पोर, एक माणूस पायापासून डोक्यापर्यंत सलग दिसत नाही.

मंदार_एम: पुरावा म्हणून नका वापरू ना, तपासाला दिशा तर मिळेल? शंभर संशयितांचे दहा झाले तरी पोलिसांचे किती दिवस वाचतील.

स्वप्नजा_कोथरूड: आणि त्या दहातले नऊ निर्दोष लोक चौकीत बसणार त्याचं काय? २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात अटक झालेल्यांच्या 'वर्तनविषयक' नोंदीही घेता येतात आणि नोंदी ७५ वर्षं ठेवायची तरतूद आहे. उद्या चाल त्यात बसवायला कितीसा वेळ लागतो!

फिजिओ_सिंहगडरोड: एक वेगळाच मुद्दा. पार्किन्सन्समध्ये सुरुवातीला बऱ्याचदा चालताना एकच हात कमी हलतो, घरच्यांच्याही लक्षात येत नाही, आम्ही मात्र पेशंट दारातून आत येतानाच बघतो. म्हणजे चालीच्या नोंदीत आजारही आला. ती माहिती विमा कंपनीच्या हाती लागली तर? शिवाय गुडघा बदलल्यावर चाल बदलते, तेव्हा जुनी नोंद कितपत उपयोगाची?

मंदार_एम: आजाराचा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता आला, तो गंभीर आहे. तरी सरसकट बंदी नको. एफआयआर झालेल्या फुटेजपुरतंच वापरा, रस्त्यावर लाइव्ह नको.

स्वप्नजा_कोथरूड: हे कायद्यात लिहून द्या, आणि जुळला नाही त्याची नोंद किती दिवसांत पुसणार तेही. तेवढं झालं तर माझा विरोध बराच कमी होईल. तोपर्यंत नाहीच.