'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' : येसचा सगळ्यात मोठा अल्बम की नुसताच लांबलेला?

मेलोट्रॉन (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. परवा एका जुन्या मित्राशी यावरून चांगलंच वाजलं, म्हणून इथे विचारतोय. येस या ब्रिटिश बँडचा डिसेंबर १९७३ चा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स'. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी, डबल एलपी, चार बाजू आणि गाणीही चारच, एकेक गाणं जवळपास वीस मिनिटांचं. मित्राचं म्हणणं की येसची गाडी इथेच घसरली. मला वाटतं इतकी मोठी उडी त्यांनी आधीही मारली नव्हती आणि नंतरही मारली नाही.

मी स्वतः पहिल्यांदा सीडीवर ऐकला तेव्हा कंटाळलो होतो, कबूल करतो. सीडीवर दोन बाजू एका दमात येतात, चाळीस मिनिटं सलग, डोकं भरून जातं. पुढे कित्येक वर्षांनी जुन्या बाजारात एलपी मिळाली आणि रोज रात्री एकच बाजू असं चार रात्री ऐकलं तेव्हा कुठे पहिल्या बाजूची सुरुवात नीट कानात शिरली. गायक जॉन अँडरसन जवळजवळ मंत्र म्हटल्यासारखं एका सुरात गातो, मग एकेक आवाज त्यात मिसळत जातो आणि शेवटाकडे कीबोर्डवादक रिक वेकमनचा मूग सिंथेसायझरवरचा सोलो येतो. बाजू संपली की उठून सुई उचलावी लागते ना, तो थांबा या संगीताला हवाच आहे. शिव्या घालणाऱ्यांपैकी कितीजणांनी असा ऐकलाय?

अठरामिनिटं
मी ऐकलाय, एलपीवर, एकेक बाजू करून, आणि तरीही असहमत.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७२ ला, याच बँडने 'क्लोज टू द एज' हा अल्बम केला. त्याचं पहिलं गाणं साडेअठरा मिनिटांच्या थोडं वर आहे आणि त्यातला एक मिनिट तुम्ही काढून दाखवा. नाही काढता येणार. मधे सगळं थांबतं, पाणी ठिबकल्यासारखं वाजत राहतं, मग चर्च ऑर्गन अंगावर येतो, सगळं जागच्या जागी. 'टेल्स' मधे मात्र कितीतरी ठिकाणी वाटतं की बाजू भरायची आहे म्हणून वाजवताहेत. वेकमनचं म्हणणं हेच होतं की एका अल्बमला मटेरियल जास्त झालं आणि दोन अल्बमना कमी पडलं, तेव्हा सीडी असती तर आटोपशीर एकच अल्बम झाला असता. वाजवणारा माणूसच हे म्हणतोय, आता आपण काय बोलणार?

बेसवाला
वेकमनची साक्ष काढताय म्हणून लिहितो. या अल्बमच्या दौऱ्यात मँचेस्टरच्या कार्यक्रमात तो स्टेजवरच करी आणि पापड खात बसला होता ही गोष्ट त्याने स्वतःच शंभर वेळा सांगितलीय आणि लोक ती या अल्बमविरुद्ध पुरावा म्हणून वापरतात. अहो पण त्याच माणसाने जानेवारी १९७४ मधे लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, कॉयर आणि निवेदक घेऊन 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' रेकॉर्ड केला! म्हणजे लांबीचा किंवा भव्यतेचा त्याला तिटकारा नव्हता, त्याला हे संगीत आपलं वाटलं नाही, एवढंच. मे १९७४ मधे त्याने बँड सोडला. आणि १९९६ ला कॅलिफोर्नियात सॅन लुईस ओबिस्पोला जुनी मंडळी परत जमली तेव्हा याच अल्बमची पहिली बाजू पूर्ण वाजवली, कीबोर्डवर वेकमनच होता. ते रेकॉर्डिंग ऐका आणि मग सांगा मनापासून वाजवतोय की नाही.

माझ्यापुरता हा अल्बम म्हणजे चौथी बाजू. ख्रिस स्क्वायरचा रिकनबॅकर बेस गिटार इतका पुढे, इतका गाणारा, मग ड्रमर अॅलन व्हाइटचा तो तालवाद्यांचा गदारोळ आणि त्यातून शेवटचा शांत भाग वर येतो. मी स्वतः बेस वाजवतो, ती बाजू बसवायला वर्ष गेलं.

श्रुतिका
मला प्रोग (प्रोग्रेसिव्ह) रॉक आवडतं, येस तर फारच, पण या अल्बमबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती आपल्यालाच जास्त जाणवेल असं वाटतं.

याचा उगम माहीत आहे ना? मार्च १९७३ मधे येसचा आधीचा ड्रमर बिल ब्रूफर्ड याच्या लग्नाच्या पार्टीत किंग क्रिम्सन बँडचा तालवादक जेमी म्युरने अँडरसनला परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राबद्दल सांगितलं, मग जपानच्या दौऱ्यात टोकियोला हॉटेलात वाचताना त्याला एक तळटीप सापडली. शास्त्रांचे चार प्रकार, श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र. त्या एका तळटिपेवर चार बाजू उभ्या केल्या. आता दुसरी बाजू बघा, नाव 'द रिमेंबरिंग'. स्मृती म्हणजे आठवण असा शब्दशः अर्थ घेऊन आठवणींचा समुद्र वगैरे. पण आपल्याकडे स्मृती म्हटलं की मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृती, आचार, व्यवहार, प्रायश्चित्त, म्हणजे समाजाने कसं वागावं याचे नियम, ज्यांवरून आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वाद झाले, मनुस्मृती तर महाडला १९२७ साली जाहीरपणे जाळली गेली. इतक्या धगधगीत शब्दाचं धुकं करून टाकलं याचं मला खरंच वाईट वाटतं. तंत्राचंही तेच, चौथ्या बाजूला 'रिच्युअल' नाव दिलं की झालं. तळटीप वाचून शास्त्र समजत नाही हो.

मेलोट्रॉन
@श्रुतिका, महाडचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, पटला. पण अँडरसन शास्त्र शिकवायला बसला होता असं मला वाटत नाही. त्याला एक मोठा आराखडा हवा होता आणि तो त्या तळटिपेत मिळाला. अमेरिकेच्या दौऱ्यात जॉर्जियातल्या सव्हानाला तो आणि गिटारवादक स्टीव्ह हाऊ मेणबत्तीच्या उजेडात रात्रभर बसून शब्द आणि चाली जुळवत होते. चार शब्दांवरून एवढं सुचलं हेच मला थोर वाटतं.

ख्यालवाला
मी मुळात शास्त्रीय ऐकणारा, रॉक उशिरा ऐकायला लागलो. वीस मिनिटं म्हणजे लांब असं म्हणणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं, विलंबित ख्याल तेवढ्यात नुकता उघडायला लागलेला असतो. तिसऱ्या बाजूत सुरुवातीला तालवाद्यं आणि स्टील गिटारचा कडकडाट, अगदी कर्कश, आणि शेवटी हाऊ नायलॉनच्या तारांची गिटार घेतो. ते शेवटचं गोड वाटतं कारण आधीचा कडकडाट सोसलाय. घाई केली तर ते मिळणारच नाही.

अठरामिनिटं
@ख्यालवाला, ही तुलना नेहमी होते आणि मला ती चुकीची वाटते. ख्यालात गायक त्या क्षणी शोधत असतो, समोरचे श्रोते, तबलजी, त्या दिवशीचा गळा, सगळ्याने तो बदलतो. 'टेल्स' लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत तुकड्यातुकड्याने टेप जोडून केलेला आहे, एकदा ठरलं ते ठरलं. रचनाच करायची तर काटछाटही रचनाकाराचंच काम आहे आणि ती इथे झाली नाही. पुरावा त्यांचाच पुढचा अल्बम, १९७४ चा 'रिलेयर'. त्यातलं 'द गेट्स ऑफ डिलिरियम' तर बावीस मिनिटांच्या आसपास, म्हणजे अजून लांब, वेकमनच्या जागी पॅट्रिक मोराझ, आणि युद्ध पेटतं काय, शेवटी ती शांत प्रार्थना येते काय, एक क्षण सैल नाही. लांबीवर माझा राग नाही, सैलपणावर आहे.

बेसवाला
'रिलेयर' बद्दल +१, पण 'टेल्स' मधे हात मोकळे सोडून बघितले नसते तर 'रिलेयर' झाला असता का? आणि तेव्हा लोकांनी नाकारला असंही नाही, इंग्लंडमधे पहिल्या नंबरावर गेला होता, अमेरिकेत सहाव्या.

अठरामिनिटं
नंबर प्री-ऑर्डरच्या जोरावर होता, नाव बघूनच लोकांनी घेतला. पण त्याआधीच नोव्हेंबरात लंडनच्या रेनबो थिएटरमधे अल्बम बाजारात यायच्या आधी त्यांनी तो सबंध वाजवून दाखवला, श्रोत्यांना एकही ओळ ओळखीची नाही, ऐंशी मिनिटं! ती हिंमत होती, तेवढं मान्य.

मेलोट्रॉन
तेवढंच तर म्हणतोय मी! स्क्वायर २०१५ ला गेला, व्हाइट २०२२ ला. आता ती चौथी बाजू त्या दोघांकडून कधीच ऐकायला मिळणार नाही. म्हणून कुणी हसत हसत 'भरकटलेला अल्बम' म्हटलं की मला लागतं.

श्रुतिका
काल रात्री तुमच्या सांगण्यावरून फक्त दुसरी बाजू लावली, नाव विसरून, शास्त्र विसरून. मेलोट्रॉनच्या (त्या कीबोर्ड वाद्याच्या) लाटा येतात तिथे डोळे मिटले गेले. नावावरचा राग कायम आहे. आज तिसरी लावणार.

अठरामिनिटं
तिसरीचे शेवटचे सहा मिनिटं मीही ऐकतो अधूनमधून. दुसरीतली दहा मिनिटं मात्र अजूनही कापीन.